उधाणाच्या दुपारी बांधावर

सगळ्यात आधी मावशींचं सांगतो. पनवेलच्या मच्छीबाजारात दाराशीच मासळी विकायला बसतात त्या, उरणकडच्या कोळीण. माझ्या हातून पहिली बातमी झाली ती त्यांच्यामुळे. घाईत हेच राहून जायचं, म्हणून अगोदर लिहून टाकलं.

मी हिंगोलीकडचा. नववीत शाळा सुटली ती सुटलीच. इथं एका छोट्या साप्ताहिकाचे अंक वाटायचो, आणि फार मागं लागून एक बातमी मागून घेतली होती. जासईच्या पुढं, कंटेनर यार्डांच्या मागं, खाडीच्या एका फाट्याचं तोंड कुणीतरी मुरमाचा बांध घालून बुजवलं होतं. आतली तिवरं, म्हणजे खारफुटीची झाडं, वाळत चालली होती. त्याच तिवरांच्या चिखलात मासळीची पिल्लं वाढतात, चिंबोऱ्या म्हणजे खेकडे मिळतात. मावशींचं घर त्यावर चालायचं.

संपादक म्हणाले, "पाणी अडलंय हे फोटोत दिसू दे. त्याशिवाय छापणार नाही."

मी जाऊन भराभर फोटो काढून आणले. त्यांनी ते पाहिले आणि म्हणाले, "बांधाच्या अलीकडं चिखल, पलीकडं चिखल. यात अडलंय काय?"

आता जन्मभर अंकच वाटायचे, असं वाटलं. तसाच मावशींकडे गेलो.

"कवा गेलतास?"

"परवा. अष्टमीला."

मावशी शेजारणीकडे वळल्या. "ऐकलंस गो? भांगात पानी शोदाया गेलता ह्यो." दोघी पदर तोंडाला लावून हसल्या.

आमच्याकडं पाणी विहिरीत असतं, नाहीतर नसतं. ते चंद्रावर चालतं हे मला कुठून माहीत? अष्टमीच्या आसपासची भरती दुबळी, तिला भांग म्हणतात. खरं उधाण अमावास्या-पुनवेचं.

"अवसंला ये, दुपारचा," मावशी म्हणाल्या. "आनि ते बूट घरी ठेव. चिखल घेतलेलं परत देत नाय."

अवसेला टोपली शेजारणीच्या हवाली करून त्या स्वतःच आल्या. मी सारखा मनगटाकडं बघत होतो.

"पानी घड्याल घालत नाय रं पोरा. उबा रा गप."

आणि पाणी आलं. बांधाबाहेर काठोकाठ, आत मात्र वाळून भेगाळलेला चिखल. दोन्ही बाजू एकाच फोटोत मावल्या.

बातमी पहिल्या पानावर आली. सरकारी पाहणी झाली, जेसीबीनं मुरूम उपसला. पुढच्या पुनवेला आम्ही दोघं पुन्हा तिथंच उभे होतो. पाणी वळणं घेत तिवरांच्या मुळांपर्यंत गेलं. ओहोटी लागल्यावर ओल्या चिखलावर निवट्या टणाटण उड्या मारायला लागल्या. त्या बोटभर माशांकडं मावशी हात कमरेवर ठेवून बघत राहिल्या. मग स्वतःशीच म्हणाल्या, "आल्या गो बाय घरी." त्या संध्याकाळी त्यांच्याकडं पोटभर जेवलो.

मावशींनी समुद्र नसलेला मुलूख अजून पाहिलेला नाही. एका हिवाळ्यात त्यांना आमच्या शेतावर नेईन आणि माझ्या हातानं भाजलेला हुरडा गरम गरम त्यांच्या तळहातावर ठेवीन. हा माझा शब्द.