कडबा

घाटकोपरला आमच्या देवळाबाहेर एक बाई गाय घेऊन बसायची. लोक तिच्याकडून गवताची जुडी घेऊन गाईला भरवत, हात जोडत आणि निघून जात. कोवळं गवत गाय बघता बघता फस्त करायची. संध्याकाळी घरी जाताना मात्र बाईच्या डोक्यावर वाळक्या कडब्याची पेंढी असे.

एकदा मला राहवलं नाही. "मावशी, दिवसभर हिरवं खाते, मग घरी ही लाकडं कशाला?"

"हिरवं पटकन संपतं रे," दावं बोटाला गुंडाळत ती म्हणाली. "कडबा चावत बसते, मग रवंथ करते. पत्र्याआडून आवाज येत राहतो. आमचे हे गेल्यापासून घरात तेवढाच आवाज."

गेल्या आठवड्यात गाय मेल्याचं फुलवाल्याने सांगितलं.

काल संध्याकाळी ती दिसली. एकटीच चालली होती, डोक्यावर कडब्याची पेंढी घेऊन.