पन्नास बायकांचे फॉर्म

कॉस्टिंग असो की ऑडिटिंग, दामिनीला एम.कॉम.चा कुठलाच पेपर जड गेला नाही. अडलं ते शेवटच्या सेमिस्टरच्या प्रोजेक्टपाशी. विषय तिनंच निवडला होता: ग्रामीण स्त्रिया आणि बँक व्यवहार. त्यासाठी पन्नास बायकांना भेटून फॉर्म भरून आणायचे होते.

मुरबाडच्या वर डोंगराकडे तिचं गाव. रोज जीपनं मुरबाड, तिथून एसटीनं कल्याणचं कॉलेज. दारोदार फिरायचं ती आज-उद्या करत राहिली. शेवटी एका रविवारी ओटीवर बसून तिनं पन्नासही फॉर्म स्वतःच भरले. नावं गावातल्या बायकांची, उत्तरं मनाची. मधेमधे पेन बदललं.

तोंडी परीक्षेत प्रोजेक्टच्या मॅडमनी गठ्ठा चाळला आणि विचारलं, "यातल्या कुठल्याही एकीबद्दल सांग. बोलताना काय म्हणाली ती?"

दामिनीनं एकीचं नाव घेतलं आणि तिथंच अडकली. कान तापले. शेजारी बसलेले बाहेरचे परीक्षक खिडकीकडे बघू लागले, तेव्हा तर तिला तिथून उठून पळावंसं वाटलं.

"पंधरा दिवस देते," गठ्ठा परत करत मॅडम एवढंच म्हणाल्या.

दुसऱ्याच दिवशी ती शेजारच्या बाईजाकाकींकडे गेली. पिशवीतून कोरा फॉर्म काढायला गेली, तर जुना गठ्ठाच बाहेर आला. वरच्याच कागदावर काकींचं नाव होतं.

"माझं नाव? बघू गो." काकींनी चष्मा लावला आणि त्या मोठ्यानं वाचायला लागल्या. "शिक्षण, नाय. बँकेत गेली नाय. पैशांचा निर्णय... नवरा घेतो."

त्यांनी चष्मा काढून लुगड्याला पुसला.

"तुझा काका जाऊन नऊ वर्सं झाली, दामिनी. तू तेव्हा माझ्याजवळच झोपायचीस."

"काकी, चुकलं माझं."

"मी सातवी पास हाय. मुरबाडच्या बँकेत आपल्या आळीतल्या बायकांच्या स्लिपा मीच भरते. विचारलं असतंस तर सांगितलं नसतं काय?"

काकींनी कोरा फॉर्म मागून घेतला आणि आपल्या हातानं भरला. चहा मात्र विचारला नाही. त्या घरात असं पहिल्यांदाच झालं.

पुढचे तेरा दिवस ती वाडीवाडीवर फिरली. कुणी तांदूळ निवडताना बोललं, कुणी दारातूनच परत पाठवलं. बाईजाकाकींनी तिच्या आईला एका शब्दानंही काही सांगितलं नाही. त्यामुळे तर घरी जेवताना आईकडे बघणंही तिला जड जाई.

नव्या प्रोजेक्टच्या दुसऱ्या पानावर तिनं लिहिलं: आधी दिलेले पन्नास फॉर्म मी खोटे भरले होते.

"हे ठेवायलाच हवं असं नाही," मॅडम म्हणाल्या. "मार्क जातील."

"राहू दे, मॅडम."

मार्क गेले. ती पास झाली, सेकंड क्लासमध्ये. आईनं आळीत पेढे वाटले. बाईजाकाकींकडे पेढे घेऊन खरं तर दामिनीनं जायला हवं होतं, पण तिथंही तिनं आईलाच पाठवलं. स्वतः जायचा धीर तिला झाला नाही.