पखवाजाची परीक्षा आणि बाटीची कणीक

कॉलेजच्या शेवटच्या वर्षी मला दोन परीक्षा द्यायच्या होत्या. एक बी.ए.ची आणि दुसरी पखवाजाची. बी.ए.ची काळजी सगळ्या घराला होती, पखवाजाची एकट्या मला. बी.ए. काय, धरून बांधून कोणीही होतो, असं माझं त्या वेळी ठाम मत होतं. ते मत फेब्रुवारीपर्यंत टिकलं.

पखवाजाच्या परीक्षेवर माझं पुढचं सगळं आयुष्य लटकलेलं होतं. धुळ्याच्या एका शाळेत संगीत शिक्षकाची जागा निघाली होती. हेडमास्तरांनी माझं वाजवणं ऐकून सांगितलं होतं, "प्रमाणपत्र आणा आणि जूनमध्ये रुजू व्हा." दुसऱ्या बाजूला मामांनी वरणगावच्या कारखान्यात कारकुनाच्या जागेसाठी शब्द टाकून ठेवला होता. तिथे प्रमाणपत्र लागत नव्हतं, फक्त सुवाच्य अक्षर लागत होतं, आणि दुर्दैवाने माझं अक्षर फार सुंदर होतं.

वडिलांना आम्ही घरात भाऊ म्हणायचो. आमचं गाव पारोळ्याजवळ, घरची शेती. भाऊ गावच्या भजनात मृदंग वाजवायचे. पखवाजालाच आमच्याकडे मृदंग म्हणतात. पंचक्रोशीत त्यांच्यासारखा हात नव्हता, आणि माझ्या हातात जे काही आलं ते त्यांच्याच मांडीला मांडी लावून बसल्याने आलं. पण पोराने हे पोटासाठी करावं हे काही त्यांना पटेना. म्हणायचे, "मृदंग देवना म्होरे वाजाडानं, शाळामा नही." मी चिडायचो. मी तसा लवकर चिडणारा माणूस आहे, पण भाऊंपुढे माझं चिडणं उंबऱ्याबाहेर जाऊन व्हायचं. शेवटी आईने मध्ये पडून तोड काढली आणि भाऊंनी ती आपली म्हणून सांगितली, "पास व्हयना तं तुन्हं खरं. नापास व्हयना तं गुमान वरणगावनी वाट धर." भाऊंचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. त्यामुळे निदान भांडण तरी मिटलं.

जळगावात मी आणि माझा एक मित्र एका खोलीत राहायचो. तो शिंदखेड्याच्या मारवाडी व्यापाऱ्याचा मुलगा, बी.कॉम.ला होता. संगीतातलं त्याला ओ की ठो कळत नव्हतं, पण माझ्यावर त्याचा जीव होता आणि स्वयंपाकावर त्याहून जास्त. मी भात लावला तर करपायचा, म्हणून त्याने मला चुलीजवळ यायची बंदी केली होती. मी भांडी घासायची, त्याने रांधायचं. तो वरण-बाटी करायचा तेव्हा शेजारच्या खोलीतली मुलं काही ना काही निमित्त काढून दारात उभी राहायची.

पहाटे पाचला मी रियाजाला बसायचो. घरमालकीण अक्का आधी आठ दिवस कुरकुरल्या. मग त्यांनी माझ्या रियाजाचं घड्याळ केलं. माझं वाजवणं थांबलं की त्या तवा ठेवायच्या, कारण त्यांच्या मालकांना भुसावळची गाडी गाठायची असायची. एकदा मी आळस करून उशिरा बसलो आणि उशिरा उठलो. मालकांची गाडी चुकली आणि बोलणी बसली मला. "वाजवायचं तर वेळेवर वाजवत जा," अक्का म्हणाल्या. गावात इतर वादकांना वाजवू नका म्हणून बोलणी बसतात, मला अशी बसली याचा मला आतून फार अभिमान वाटला.

ज्यांनी पखवाज जवळून पाहिला नसेल त्यांना एक गोष्ट सांगायला हवी. त्याच्या डाव्या तोंडाला दर वेळी ओल्या कणकेचा गोळा थापावा लागतो. तेव्हाच तो घुमतो, नाहीतर नुसता पत्र्याचा डबा. वाजवून झालं की कणीक खरवडून काढायची. ती अक्कांच्या गाईला जायची. गाय खात होती, पण तिला माझ्या वाजवण्याबद्दल काय वाटत होतं ते कळायला मार्ग नव्हता.

माझे गुरू नाना रेल्वेत गार्ड होते, निवृत्त झालेले. शिकवताना समोर खिशातलं घड्याळ काढून ठेवायचे. "गाडी आधी आली तरी चूक, नंतर आली तरी चूक," एवढंच त्यांचं लयशास्त्र. माझी एक खोड मोडण्यासाठी त्यांनी जिवाचं रान केलं. ठेक्याचं एक आवर्तन संपत आलं की मी शेवटची थाप गाळायचो आणि पुढची सम, म्हणजे नव्या आवर्तनाची पहिली मात्रा, किंचित उशिरा घ्यायचो. ही भाऊंची पद्धत. माझ्या ती लहानपणापासून अंगवळणी पडलेली. नाना कपाळावर हात मारून घ्यायचे. "शेवटचं स्टेशन गाळून गाडी पुढे, आणि वर लेट! कुणी शिकवलं हे?"

"गावाकडचं आहे," मी म्हणायचो. वडिलांचं नाव घ्यायचो नाही. चार बुकं शिकलेल्या पोराला बापाची चूक गावावर ढकलणं सोपं वाटतं. मला वाटलं. भाऊ मोठे वादक असले तरी अडाणी, त्यांना कोण सांगणार, असं मी स्वतःशी ठरवून टाकलं होतं.

फेब्रुवारी आणि मार्च कसे गेले ते आठवलं की अजून हसू येतं. कॉलेजात अर्थशास्त्राच्या तासाला मी बाकावर बोटांनी चौताल धरायचो. प्राध्यापकांनी एकदा शिकवणं थांबवून विचारलं, "मागणीचा नियम बारा मात्रांचा आहे का हो?" वर्ग हसला, मीही हसलो. मग त्यांनीच तासानंतर हळूच विचारलं, परीक्षा कधी आहे म्हणून. कॉलेजचे दिवस संपत आले की मास्तर माणसंही जरा सैल होतात. आम्ही मुलं तर पारच सैल झालो होतो. रोज कोणाच्या तरी खोलीवर भरीत व्हायचं, कोणीतरी मला पखवाज आणायला लावायचा, आणि पुढच्या वर्षी कोण कुठे असेल हा विषय निघाला की सगळे एकदम वांग्यांच्या किमतीवर बोलायला लागायचे. बी.ए.चे पेपर बरे गेले. एका पेपराला पर्यवेक्षकांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "पाय थांबवा, मागचा मुलगा चुकतोय."

पखवाजाची परीक्षा एप्रिलमध्ये होती, एका शाळेच्या वर्गात, सकाळी अकराला. परीक्षक बाहेरगावचे. भाऊ आदल्या दिवशीच जळगावला आले. म्हशीसाठी दावं घ्यायचं आहे म्हणाले. पारोळ्याच्या बाजारात दावी मिळत नव्हती की काय, हे मी विचारलं नाही.

सकाळी मी शेवटचा हात फिरवत बसलो होतो म्हणून एरवी मीच करायचो ते कणीक भिजवायचं काम मित्राने स्वतःकडे घेतलं. "तू वाजव, ते माझ्यावर सोड," म्हणाला. पितळी डब्यात ओल्या फडक्यात गुंडाळून त्याने गोळा दिला आणि भाऊ, मी आणि तो असे तिघे शाळेत गेलो. ऊन आताच भाजायला लागलं होतं.

माझं नाव पुकारलं. मी आत जाऊन बसलो, नमस्कार केला, डबा उघडला, कणीक थापली. ती बसेना. पुन्हा थापली. ती निसटून माझ्या मांडीवर पडली. तिसऱ्यांदा मी सगळा जोर लावला तर चामड्यावर नुसता चकचकीत डाग उठला आणि गोळा परीक्षकांच्या टेबलाकडे घरंगळत गेला. परीक्षकांनी पाय वर घेतले.

मी दारात धावलो. मित्र बाहेरच उभा होता. "काय घातलंस यात?"

"मोहन," तो अभिमानाने म्हणाला. "तूप, थोडं मीठ, ओवा. शुभ कामाला कोरडी कणीक कशी वापरायची?"

आजन्म बाटीच करत आलेल्या माणसाला दुसरी कणीक असते हे ठाऊकच नव्हतं. मी त्याला तिथेच मारणार होतो. पण भाऊंनी गोळा हातात घेऊन वास घेतला, "यामा तं तूप शे!" म्हणाले, आणि उत्तराची वाट न बघता समोरच्या घरात शिरले. आतल्या बाईला त्यांनी काय सांगितलं देव जाणे. दोन मिनिटांत ते परातीतली ताजी कणीक घेऊन आले. सरळ वर्गात आले, परीक्षकांना रामराम केला, धोतराच्या सोग्याने तुपाचा डाग पुसला, कणीक थापली, बोटाने कड दाबली, एकदा घुमवून पाहिलं आणि पखवाज माझ्यापुढे सरकवून दाराबाहेर जाऊन उभे राहिले.

मी चौताल सुरू केला. भाऊंनी लावलेला पखवाज मी लहानपणापासून वाजवत आलो होतो. नानांचं घड्याळ कुठल्या कुठे गेलं आणि माझे हात गावच्या देवळात जाऊन पोचले. पहिल्याच आवर्तनाला शेवटची थाप गेली. सम उशिरा. दुसऱ्याला तेच. तिसऱ्याला परीक्षकांनी हात वर केला.

"ही थाप कुठे गेली? ही तुमची पद्धत आहे की चूक आहे?"

दारात भाऊ उभे होते. मी म्हणालो, "चूक झाली, सर." मग पुढचं सगळं नानांच्या घड्याळाप्रमाणे वाजवलं, चोख.

बाहेर आल्यावर आम्ही कडुनिंबाखाली बसलो. मित्र प्रायश्चित्त म्हणून पाणी आणायला गेला. भाऊंनी बोटांना चिकटलेली कणीक खरवडून काढली. मग सहज म्हणाले, "चूक नही व्हती ती. आपला आबाले दमा व्हता ना. म्हनता म्हनता छाती भरी ये त्यानी. मी शेवटनी थाप सोडी देऊ, म्हनजे त्याले सास लेवाले जागा भेटे."

आबा म्हणजे आमच्या भजनातले मुख्य गाणारे. ते वारले त्याला तेव्हा पाच वर्षं झाली होती.

"मंग माले कधी सांगं काबरं नही?"

"तू कधी इचारं?" भाऊ म्हणाले. "आबा गया, पन हातले सवय पडी गयी."

मला इतकी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती. मी उठलो. परीक्षकांची चहाची सुट्टी चालू होती. मी आत गेलो आणि बशी तोंडाला लावलेल्या त्या माणसाला सांगून टाकलं, "सर, मी खोटं बोललो. ती चूक नव्हती. माझ्या वडिलांची पद्धत आहे." आणि आबांचा दमा, भजन, सगळं एका दमात सांगितलं.

परीक्षकांनी बशी खाली ठेवली. "अहो, चूक म्हणालात म्हणून मी दोनच गुण कापले होते. जाणूनबुजून वाजवलंत म्हणता, तर नियमाप्रमाणे चार कापावे लागतील."

"कापा," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं, आणि खरोखरच लाल पेन काढून कापले. माणूस नियमाचा पक्का होता. वर म्हणाले, "वडिलांना माझा नमस्कार सांगा."

नमस्कार सांगायची गरज पडली नाही, भाऊ माझ्यामागेच येऊन उभे होते. शाळेच्या फाटकापासून एस.टी. स्टँडपर्यंत ते मला शिव्या देत आले. "येडा व्हयना का तू? आते वरणगावले जाशी! कोनी सांगं व्हतं तुले परत आत जावाले?" पखवाज मात्र त्यांनी माझ्याकडे दिला नाही, स्वतःच्या खांद्यावर घेतला. दावं घ्यायचं राहून गेलं.

निकालाचं पाकीट गावी आलं तेव्हा आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया होती. बहिणी माहेरी आल्या होत्या, निंबाला झोका बांधला होता, घरात सांजोऱ्यांचा वास होता. मी पाकीट फोडलं. पास व्हायला लागतात त्याहून बरोबर एक गुण जास्त होता. आईने देवापुढे साखर ठेवली. भाऊ ओट्यावर बसले होते. त्यांना वाचता येत नव्हतं, तरी कागद हातात घेऊन त्यांनी तो वरपासून खालपर्यंत पाहिला.

"कितला कापात त्यानी?"

"चार."

भाऊ हसायला लागले. इतके हसले की बहिणी झोका थांबवून बघायला आल्या. "आबाना दमा चार मार्कना निंघना म्हन!" त्यांनी उपरण्याने डोळे पुसले, कागदाची नीट घडी घातली आणि मला म्हणाले, "जाय, धुळे जाय. पोरेसले शिकाड."