गच्चीवरची तार, तळघरातला रेडिओ

सिंगापूर पडलं तेव्हा माझा मोठा भाऊ तिथल्या फौजेत होता. त्यानंतर त्याची काहीच खबर नाही. मग कुणीतरी बाबांच्या कानावर घातलं, की कैद्यांची नावं जपानी रेडिओवर वाचतात. शत्रूचं स्टेशन लावणं म्हणजे पोलिसांना आवतण, आणि अकोल्याच्या जुन्या शहरात भिंतीला भिंत लागून घरं. बाबा पडले वकील. त्यांनी रेडिओ उचलून तळघरात, सरकीच्या पोत्यांमागे नेऊन ठेवला. म्हणाले, "इथला आवाज बाहेर जात नाही."

"मग बाहेरचा आत कसा येणार?" मी म्हटलं. अमरावतीच्या कॉलेजात मी पदार्थविज्ञान शिकत होते आणि सुट्टीला घरी आले होते. रेडिओच्या लघुलहरी आभाळाच्या वरच्या थरावर आपटून हजारो मैल येतात, पण चार हात ओल्या मातीखाली त्यांचा जीव जातो. बाबांना ते पटेना. आठवडाभर नुसती खरखर ऐकल्यावर पटलं.

मग झरोक्यातून तार काढून गच्चीवर नेली आणि संशय नको म्हणून कपड्यांच्या दोरीसारखी दोन बांबूंना बांधली. वकिली डोकं! आमच्या विधवा आत्याला मात्र कुणी काही सांगितलं नाही. तिच्या पोटात काही राहत नाही, असं सगळ्यांचं म्हणणं.

एका संध्याकाळी नावं सुरू झाली आणि आवाज एकाएकी बुडाला. आईचा चेहरा पाहवेना. मी धावत वर गेले. नवी तार, कुणी न शिवलेली, म्हणून आत्यानं तिच्यावरच आपलं ओलं सोवळ्याचं लुगडं टाकलं होतं. पदर भिंतीला चिकटलेला, म्हणजे लहरी ओल्या कापडातून थेट भिंतीत मुरत होत्या. मी ते खसकन ओढलं.

"ओवळ्या हातानं काहून शिवलीस?" ती कडाडली.

मीही चिडून सगळं सांगून टाकलं. लुगडं उचलायचंही ती विसरली. "मले काहून नाही सांगितलं? तो माहा कोणी नाही का?"

दुसऱ्या दिवसापासून नावांच्या वेळी ती सोवळ्यात गच्चीवर उभी राहू लागली. तार वाऱ्यानं भिंतीला लागू नये म्हणून लुगडं वाळत घालायच्या काठीनं ती उचलून धरायची. वर तिला एक अक्षर ऐकू येत नसे. माझा राग कुठल्या कुठे गेला.

आणि एक दिवस नाव आलं. त्याचं, बाबांचं, गावाचंही. आई आधी देवघरात जाईल असं मला वाटलं होतं. ती थेट गच्चीवर गेली आणि आत्याच्या गळ्यात पडली.

"वन्सं, जिवंत आहे तो!"

"शिवलीस की वं मले," आत्या म्हणाली, आणि काठी टाकून तिनं आईला जवळ ओढलं.