मिशीवालं मडकं आणि विलासची वेबसाइट

ओळखलंत का मला? नसेलच. मागच्या महिन्यात माझ्या पोपटाच्या गोष्टीखाली 'आजी, मस्त' लिहून गेलात, आणि आता 'ही कोण बाई' म्हणून डोकं खाजवताय... बदाम खात जा जरा.

मी रत्नागिरीची आजी. मी बोलते आणि नात शलाका टाइप करते. मला अक्षर येत नाही, राग मात्र येतो, आणि सोमवारी आलेला अजून उतरलेला नाही.

माझा मुलगा विलास घरं बांधायची कंत्राटं घेतो. यंदा त्याने वेबसाइट करून घेतली. हल्ली गिऱ्हाईक गल्फमध्ये बसून गावात घर बांधतं, आणि कंत्राटदार कोण घ्यायचा तेही तिथूनच इंटरनेटवर बघतं... त्यामुळे कल्पना चांगलीच होती. बिघडलं ते पुढे.

वेबसाइट करणारा पुण्याचा. हातखंब्याला हायवेलगत आमचं एक काम चालू आहे, त्याचे फोटो काढायला तो आला. घरमालक तयार होईना. अर्धवट घराचा फोटो म्हणजे नजर लागायची भीती... शेवटी म्हणाला, मडकं टांगलंय ना, मग काढा.

बांधकामावर काळं मडकं आपल्याकडे सगळेच टांगतात, बघणाऱ्याची नजर घरावर न पडता त्याच्यावर पडावी म्हणून. पण आमच्या गवंड्याने या मडक्यावर चुन्याने असा मिशाळ चेहरा काढलाय, की एसटीतली माणसं माना वळवून बघतात.

सोमवारी विलासने कौतुकाने घरच्या सगळ्यांना कॉम्प्युटरसमोर बसवलं. माझा चहा पिऊन संपला तेव्हा कुठे पहिलं चित्र वरून खाली उतरलं. पिवळी टोपी घातलेला एक गोरा साहेब दात काढून हसत होता. हा आपल्याकडे कधी कामाला लागला, विचारलं, तर म्हणे मॉडेल आहे.

मग आलं आमचं हातखंब्याचं घर... मडकं गायब! तांबडा जांभा घासूनपुसून गुलाबी केलेला. आणि मागे डोंगर, त्या डोंगरावर बर्फ. हातखंब्याला बर्फ म्हणजे रसवंतीच्या गाडीवरचा, तेवढाच मी पाहिलाय.

फोन नंबर कुठे आहे विचारलं, तर कोपऱ्यात इंग्रजीतला फॉर्म दाखवला. तो भरायचा आणि पाठवायचा. विलास म्हणाला, आई, याला प्रोफेशनल लुक म्हणतात. मी रिकामा कप उचलून आत गेले.

बुधवारी भर दुपारी एक बाई घामाघूम होऊन दारात उभी. राजापूरकडच्या नाटे गावची हमीदाबी. आत यायच्या आधीच तिने विचारलं, "काकी, मिशीवालं मडकं तुमच्याच पोराचं ना?"

पाणी प्यायली आणि सगळं सांगितलं. मुलगा रफीक कुवेतला. ती, सून आणि नातवंडं दिराच्या घरात दोन खोल्यांत राहतात, आणि दिराच्या पोराचं लग्न ठरल्याने आता त्याही सोडायच्या आहेत. जागा घेतलेली आहे, घर तेवढं उभं राहायचं आहे.

राजापूरवरून एसटीने येताना तिला आमचं काम दिसायचं. कोपरे सरळ, भिंत नीट... मनात भरलं. चहाच्या टपरीवर उतरून तिने कंत्राटदाराचं नाव विचारून घेतलं आणि मुलाला कळवलं, मिशीवालं मडकं ज्याच्या घरावर आहे, त्यालाच काम द्यायचं.

रफीकने तिकडे वेबसाइट उघडली. मडकं नाही, मिशी नाही, वर बर्फ. त्याने आईला सांगितलं, हा माणूस भलत्याच मुलखातलं घर आपलं म्हणून दाखवतोय, याच्या नादी लागू नको. शुक्रवारी तो दुसऱ्या कंत्राटदाराला होकार कळवणार होता. फोन करून खात्री करावी तर नंबरच नाही... म्हणून ही बाई इतक्या लांबून स्वतः आली.

ऐकताय ना? माझा मुलगा स्वतःच बांधलेल्या घराचा चोर ठरला! उन्हातान्हात उभं राहून एकेक चिरा पारखून घेणारा माणूस... आणि कोणीतरी एसीत बसून त्याचं घर धुतलं, म्हणून खोटा पडला.

विलासचा चेहरा पडला. त्याने पुण्याला फोन लावला आणि उगाच 'सर, सर' करायला लागला, तेव्हा रिसीव्हर मीच घेतला. पलीकडून समजावणं सुरू झालं... आजी, ते मडकं फार गावठी दिसत होतं, क्लायंटवर इम्प्रेशन चांगलं पडत नाही.

मी म्हटलं, "बाळा, क्लायंट माझ्यासमोर बसून चहा पितेय. ती मडकंच शोधत आलीय."

रात्रीपर्यंत घर परत आलं. तांबडं, मडक्यासकट. गोऱ्या साहेबाच्या जागी आमचा विलास आला, तेल लावून भांग पाडलेला... पासपोर्टला बसल्यासारखा दिसतो, पण आपला दिसतो. वर ठळक मराठीत फोन नंबर.

शुक्रवारी दुपारी नमाज झाल्यावर रफीकचा फोन आला. विलासला एवढंच म्हणाला, "मिशी दिसली. अम्मीशी बोलून काम सुरू करा."

विलास सुटला. माझा राग काही सुटत नाही. अहो, माणूस परमुलखात बसून आपल्या गावातलं घर शोधतो, आणि तुम्ही त्याला बर्फ दाखवता? आपल्या मातीची एवढी कसली लाज वाटते? हमीदाबीने येऊन विचारलं म्हणून कळलं... न विचारता परत गेले असतील त्यांचं काय? त्या बाईचे उपकार आहेत आमच्यावर.

पाऊस संपला की नाट्याला पाया भरायचा आहे. त्या दिवशी काय पाठवू, असं हमीदाबी विचारत होती. मी सांगितलंय, मिठाईचे पुडे अजिबात नकोत. गवंड्यांना तिकडेच तांदळाच्या भाकऱ्या आणि कोळंबीचं कालवण वाढ, आणि माझा डबा राजापूरच्या एसटीने पाठव... भाकरीच्या कडा काढून, दात नाहीत मला.