घोळणा फुटणारं घर

सीटी स्कॅनच्या खोलीत काम करा, किस्से आपोआप साचतात. हसण्यासारखे थोडेच! वाशिमला मी टेक्निशियन आहे, म्हणून सांगतो.

*

शिरपूरचे एक आजोबा. मशीन म्हणालं, "श्वास रोखा." रोखला. "श्वास सोडा," म्हणालं, तरी रोखलेलाच! मी आत धावलो. "आजोबा, सोडा ना!"

"सोडला अन् परत घेता नाई आला त?"

*

किन्हीराजा गावची कांता. उभी राहिली की धाप, आडवी झाली की बरी. ऐन सोयाबीनच्या सोंगणीत ही खाटेवर! सासू आमच्यासमोरच म्हणाली, "असा कोनता रोग राह्यते?"

असतो. स्कॅनमध्ये दिसला. फुप्फुसातल्या दोन रक्तवाहिन्या मधल्या बारीक केशवाहिन्यांच्या जाळीशिवाय थेट जुळलेल्या. रक्त हवा न घेताच पुढे पळत होतं; उठून बसलं की जास्तच.

डॉक्टर मॅडमनी नवऱ्याला स्क्रीनवर दाखवलं. तो हळूच म्हणाला, "म्हंजे थे खरं बोलून राह्यली होती!"

*

मॅडमनी कांताला विचारलं, "नाकातून रक्त येतं?"

"घोळना? तो त आमच्या माहेरी बाबापासून साऱ्याइचाच फुटते. लहानपनी आमी शर्यत लावो, आज कोनाचा आधी फुटते!"

ती हसली. मॅडम हसल्या नाहीत. घोळणा आणि फुप्फुसातली ती जोडणी, दोन्हींचं मूळ एकच; हा दोष आईबापाकडून मुलांत उतरतो. त्यांनी सगळं माहेर तपासायला बोलावलं.

*

कांताचा भाऊ आला, धडधाकट. "मले काय धाड भरली?" त्याची जोडणी कांतापेक्षा मोठी निघाली!

"मंग मले तरास काहून नाई?"

"त्रास नसला तरी रक्ताची गुठळी तिथून निसटून मेंदूत गेली, की एकदम लकवाच होतो," मॅडम म्हणाल्या.

त्यानं खिशातून मोटारसायकलची किल्ली काढली आणि मुकाट्यानं बायकोच्या हातात दिली.

*

शेवटी वडील आले. त्यांच्यातही जोडणी निघाली, लहानशी. मॅडम समजावत होत्या, "नागपूरला मांडीतून बारीक नळी घालून हे बंद करतात. कांताचं केलं ना, तसंच."

म्हातारा स्क्रीनकडेच बघत होता.

"कांतीच्या वरती एक पोरगी होती मले. दम लागते म्हनून सासरहून पयून ये. मी दर खेपेले तिले परत नेऊन सोडो. तिकडंच एक दिवस चालता चालता पडली. उठलीच नाई."

मग त्यानं माझी बाही धरली. "साहेब, तिचा लग्नातला फोटो हाय माह्यापाशी. त्याच्यावरून दिसन का हो या मशीनमंदी?"