टोपीतले पीस

कोणी फार ठामपणे बोलू लागले, की बाई आपल्या पांढऱ्या केसांवर, कानाच्या किंचित वर, बोट टेकवत आणि विचारत, "पीस कोणाचं?"

बाई ब्रिस्टलला विद्यापीठात इतिहास शिकवून निवृत्त झाल्या होत्या. आयुष्यभराचा अभ्यास एकोणिसाव्या शतकातल्या हंगेरीच्या संसदीय निवडणुकांचा. त्यांचे घर आमच्याच रस्त्यावर. स्वयंपाकघरात फोडणीतल्या हिंगाचा उग्र आणि जुन्या कागदांचा दमट, गोडसर वास एकमेकांत मिसळलेला असे. चहा गाळता गाळता त्या सांगत. तिथे मत तोंडाने, सर्वांसमोर द्यावे लागे. उमेदवारांची माणसे मतदारांना गाड्यांतून आणत, वाइन पाजत, टोपीत आपल्या रंगाचे पीस खोवत. व्हिएन्नाच्या सम्राटाशी झालेली तडजोड मानणारे एकीकडे, न मानणारे दुसरीकडे, मध्ये सैनिक.

"आणि मतं नोंदवायच्या टेबलाशेजारी जमीनदाराचा कारभारी उभा. त्याच्यादेखत नाव उच्चारायचं. मग घरी जायचं. घर राहिलं असेल तर."

तुम्ही ऐकत असतात, तर तुम्हांलाही वाटले असते, की हे मागच्याच आठवड्यात घडले आहे.

त्यांचे यजमान मोठे डॉक्टर, इस्पितळात कन्सल्टंट, आणि आमच्या छोट्याशा मराठी मंडळाचे वर्षानुवर्षे बिनविरोध अध्यक्ष. एका वर्षी त्यांच्याविरुद्ध एक तरुण डॉक्टर मुलगी उभी राहिली. चर्चच्या भाड्याच्या हॉलमध्ये ओल्या कोटांचा वास कोंदला होता. डॉक्टर नेहमीसारखे हसून म्हणाले, "सगळे घरचेच आहोत. हात वर करा, की झालं. समोसे गार होताहेत."

समोर बसलेल्या निम्म्या तरुण डॉक्टरांना पुढच्या नोकरीसाठी त्यांचाच रेफरन्स लागणार होता. ते आपापल्या बुटांकडे पाहू लागले.

बाई उठल्या. "चिठ्ठ्या वाटा."

"अगं, आपल्यात कसली गुप्तता?"

"अहो, टेबलाशेजारी तुम्ही उभे आहात."

मागून कोणीतरी म्हणाले, "डॉक्टरसाहेब, अपोझिशन घरातूनच!" हॉल हसला. डॉक्टर हसले नाहीत. आपली चिठ्ठी टाकून, खुर्ची उचलून ते दाराबाहेर जाऊन बसले.

ते एका मताने हरले.

निकाल ऐकताच साऱ्या नजरा बाईंकडे वळल्या. बाई समोशांच्या ट्रेवरचे फॉइल सोडवत होत्या. परत जाताना दोघे एकाच छत्रीतून गाडीपर्यंत गेले, एवढेच आम्हांला दिसले.

पुढे काही वर्षांनी, एका हिवाळ्यात, बाई गेल्या. मी डॉक्टरांना भेटायला गेले. स्वयंपाकघरात आता कशाचाच वास नव्हता. बोलता बोलता मी विचारून बसले, "त्या दिवशी बाईंनी मत कोणाला दिलं होतं?"

"मी विचारलं नाही."

"इतक्या वर्षांत?"

"विचारलं असतं, तर तिनं खरं सांगितलं असतं."

त्यांनी बशीची कड अंगठ्याने पुसली. "एकदा जेवताना अगदी ओठांवर आलं होतं. मग मीठ मागितलं."